सहापैकी दोन

टॅमरॅक फॉल्सच्या सरकारी कॉलेजात इंग्रजीचा विभाग एकच होता, पण तो राहायचा दोन ठिकाणी. वाङ्मय तिसऱ्या मजल्यावर आणि लेखन तळघरात. वर मोठ्या खिडक्या होत्या. खिडक्यांतून तळं दिसायचं, आणि तळ्यावरची बदकं थंडीच्या आधी दक्षिणेकडे निघाली की वरचे प्रोफेसर तास अर्धवट सोडून त्यांच्याकडे बघत बसायचे. याला ते चिंतन म्हणत. खाली बॉयलर होता. तो असा घोरायचा की लेखनाच्या बाया वाक्याचा पहिला अर्धा भाग एका घोरण्याआधी बोलत आणि उरलेला अर्धा घोरणं संपल्यावर. नव्या पोरांना वाटे, कॉलेजात असंच बोलतात. सुटीत घरी गेली की तीही मध्येच थांबत आणि आयाबाया घाबरून डॉक्टरला बोलावत.

वरचे लोक बारा पोरांना कादंबरी शिकवत आणि दमत. खालचे लोक सव्वाशे पोरांना निबंध लिहायला शिकवत, दर आठवड्याला सव्वाशे निबंध तपासत, आणि दमायला त्यांना सवड नसे. वरचे खालच्यांना 'दुरुस्तीखातं' म्हणत. खालचे वरच्यांना 'स्वर्गवासी' म्हणत.

आर्डिस टॉलेफ्सन या तळघरात एकतीस वर्षं होत्या. आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि वाङ्मयाच्या जागेसाठी आल्या होत्या. "सध्या वर्षभर खाली घ्या, मग बघू," असं त्यांना सांगण्यात आलं. ते वर्ष चालूच होतं. त्यांचा एक हिशोबी शिष्य एकदा म्हणाला होता की बाईंनी तपासलेले निबंध एकावर एक रचले तर गावातल्या धान्याच्या कोठाराला सावली पडेल. सावलीचं माहीत नाही, पण बाईंच्या हातातली पेन्सिल मात्र हाताचाच भाग झाली होती. मोंटानाहून बहिणीचं पत्र आलं की तिचा नवरा वारला. बाई रडल्या, खूप रडल्या, आणि रडता रडता पत्राच्या समासात त्यांनी लिहिलं, 'दुसऱ्या परिच्छेदात मुद्दा भरकटतो'. त्यांचा स्वतःचा नवरा घर सोडून गेला तेव्हा फ्रिजवर चिठ्ठी ठेवून गेला. बाईंनी ती उभ्याउभ्या वाचली, 'कारणं आहेत, पुरावा नाही' असा शेरा मारला आणि सहापैकी तीन दिले. एवढे गुण त्या माणसाला सगळ्या संसारात मिळाले नव्हते.

बाईंना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. मंगळवार-गुरुवार, सकाळी अकरा वाजता, तीनशे बारा नंबरच्या खोलीत चालणारा कवितेचा वर्ग.

हा वर्ग गेली चाळीस वर्षं प्रोफेसर व्हेंट्रेस घ्यायचे. एप्रिलमध्ये एक कविता मोठ्याने वाचता वाचता ते खुर्चीतच वारले. पोरांना वाटलं, कवितेतला विराम आहे. वीस मिनिटं ती आदराने वहीत काहीतरी लिहीत बसली होती. नवा माणूस नेमायचा नाही, घरातल्यालाच वर्ग द्या, असं कॉलेजकडून फर्मान आलं. अर्ज एकच आला, आर्डिसबाईंचा. वर जाण्यासाठीचा हा त्यांचा दहावा अर्ज. आधीचे नऊ नाकारले ते विभागप्रमुख प्रेस्टन हॅलोवेल यांनीच.

"आर्डिस," अर्ज हातात घेऊन हॅलोवेल म्हणाले, "तू म्हणजे या घराचा पाया. पाया कुणी गच्चीवर नेतं का?"

"पायालाही कधीतरी ऊन लागू दे की, प्रेस्टन."

"छान बोललीस. हे असं लिहीत का नाहीस?" त्यांनी अर्ज चाळला. "लेखनाचा नमुना जोडलेला नाही."

"तो राहिलाच. नवीन काही लिहिलेलं नाहीये माझ्याकडे. वेळ कुठे होता?"

"असू दे. तुझ्या जुन्या फायलीत आहे एक. पहिल्या अर्जाचा. तोच लावतो. ऑगस्टमध्ये जुळवणीच्या दिवशी सगळे जमतातच, तेव्हा चार वाजता निकाल लावून टाकू."

इतकं गोड हॅलोवेल एकतीस वर्षांत बोलले नव्हते. जिने उतरताना बाई गुणगुणत होत्या. बॉयलरनेसुद्धा त्या दिवशी घोरणं थांबवून कान दिला, असं तळघरात अजून सांगतात.

जुळवणीचा दिवस म्हणजे वर्षातला असा एकच दिवस, जेव्हा तिसरा मजला तळघराच्या हाताखाली असे. कॉलेजात नव्याने येणाऱ्या सातशे पोरांनी एकेक छोटा निबंध लिहिलेला असे. तो वाचून कुणाला साध्या वर्गात घालायचं आणि कुणाला कच्च्या पोरांसाठीच्या पायाभरणीच्या वर्गात, हे एका दिवसात ठरवायचं. म्हणून वरच्या-खालच्या सगळ्यांना जेवणघराशेजारच्या दालनात लांब टेबलांवर बसवत. निबंधावर नाव नाही. प्रत्येक निबंध दोघांनी वाचायचा, एक ते सहा असे गुण द्यायचे. दोन किंवा त्याखाली आलेला पोरगा पायाभरणीत. दोघांच्या गुणांत एकाहून जास्त फरक पडला, तर दोघांनी उभं राहून वाद घालायचा आणि जवळ यायचं. चार वाजेपर्यंत वाचकाला आपले गुण बदलता येत, आणि चार वाजताही दोघं जवळ आले नाहीत तर पोराच्या बाजूने, म्हणजे जास्तीचे गुण धरायचे. हा सगळा कायदा आर्डिसबाईंनीच केला होता, आणि टेबलप्रमुखही त्याच असत.

वरचे लोक या दिवसाला इतके भीत की सुट्टीसाठी एकाने आपला कुत्रा चार वेळा मारला. पाचव्या वर्षी तोच कुत्रा घेऊन तो बाईंना बाजारात भेटला.

"काय गोंडस आहे हो," बाई म्हणाल्या. "वारल्यापासून चांगला भरलाय."

तेव्हापासून तो माणूस पहिल्या रांगेत बसू लागला.

बाईंना हा दिवस आवडायचा, हे कबूल करायला हवं. जाडजूड ग्रंथ लिहिलेल्या माणसाला उभं करून "हे चार तुम्ही कुठून आणलेत, जरा दाखवता का सगळ्यांना?" असं विचारण्यात त्यांना जी गोडी वाटे, ती त्यांनी दुसऱ्या कशात चाखली नव्हती. वर्षभर जिन्यात जे लोक त्यांना ओळख देत नसत, त्यांचे कान त्या एका दिवसात लाल करून ठेवत.

त्या वर्षी हॅलोवेलनी स्वतःहून कामात हात घातला. निबंधाचा विषय त्यांनीच काढला, 'न कळता आवडलेली एखादी गोष्ट'. दिवसाच्या सुरुवातीला सगळ्यांची नजर एका मापावर यावी म्हणून पोरांच्याच निबंधांतले पाच नमुने सर्वांना वाटत. तेही या वेळी त्यांनीच निवडले. "दरवर्षी तूच मरतेस," ते बाईंना म्हणाले. "यंदा माझ्यावर सोड." ऑफिसमधल्या डार्लीनने पाचही नमुने एकसारखे टाइप करून आणले. बाईंना वाटलं, माणूस बदलतो.

सकाळी साडेनऊ वाजता कॉफीच्या मोठ्या पिंपाजवळ नवा प्रोफेसर एमिल वोज्नियाक उभा होता. मिलवॉकीहून आलेला, एकोणतीस वर्षांचा, मध्ययुगातल्या कवितेवर डॉक्टर झालेला. त्याचा चेहरा असा की कुणीही त्याच्यावर सामान ठेवून जावं.

"आर्डिस, मला सांभाळून घ्या हं," तो म्हणाला. "मी हे कधी केलेलं नाही."

"सोपं आहे. कानाला लागतं ते ऐकायचं नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजायचं."

"आणि आवडलं तर?"

"आवडलं तर एक गुण कमी करायचा. आवडणं म्हणजे आपण फसलोय."

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

पहिले दोन नमुने सुरळीत गेले. तिसरा वाचायला बाईंनी नेहमीप्रमाणे नव्वद सेकंद घेतले. आता तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे. पण ज्या बाईने नवऱ्याच्या चिठ्ठीला तीन दिले तिच्याबाबतीत काय शक्य नव्हतं? त्यात असं लिहिलं होतं:

'ती ओळ मला कळली नाही, म्हणून मी ती कुणाला सांगितली नाही. खिशात दगड ठेवावा तशी ठेवली. भांडी घासताना हात ओले असले की ती आठवायची, हात कोरडे झाले की जायची. असं चौदा महिने चाललं. मग एक दिवस ती कळली. त्या दिवशी मला फार चुकल्यासारखं वाटलं. घरातलं कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखं.'

असंच आणखी एक पान होतं.

हात ओले असल्याच्या वाक्यापाशी बाईंच्या घशात काहीतरी आलं. त्यांनी ते कॉफीबरोबर गिळलं. सकाळी गडबडीत नाश्ता झाला नव्हता, त्याचं असेल, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी मोजलं: कोणती ओळ, सांगितलेलं नाही. विधान नाही. पुरावा नाही. तीन होत होते. पण घशात आल्याचं लक्षात ठेवून त्यांनी एक कमी केला. दोन.

"वाचा गुण," बाई म्हणाल्या.

टेबलांवरून दोन-दोन, तीन, दोन असे आकडे आले. वरचे लोक आता शहाणे झाले होते. बाईंच्या पेन्सिलीचं टोक कसं हलतं ते बघून आकडा लिहीत. कुत्रेवाल्याने तर कागद उलटा धरला होता.

"सहा," एमिल म्हणाला.

दालनात एकदम उत्साह पसरला. आज कुणाचा तरी बळी जाणार होता आणि तो आपला नव्हता.

"उभे राहा, प्रोफेसर वोज्नियाक," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "सहा. बरं. लेखकाचं विधान कोणतं, एका वाक्यात सांगा."

"विधान असं नाही, पण..."

"नाही. छान. पुरावा?"

"आर्डिस, यात काहीतरी फार विचित्र आणि खरं आहे. कळल्यावर चुकल्यासारखं वाटणं, हे कुणी पोरगं लिहितं? अठराव्या वर्षी?"

"लेखकाचं वय आपल्याला माहीत नाही. नाव माहीत नाही. ते आजारी आहे का, अनाथ आहे का, देखणं आहे का, माहीत नाही. कागदावर काय आहे?"

"दगड आहे."

लोक हसले. कुत्रेवाला सगळ्यात मोठ्याने हसला.

"दगड आहे," बाई म्हणाल्या. "कशाला आहे?"

मग एमिल बोलला. बरंच बोलला, पाच-सात मिनिटं तरी. हातवारे केले, एकदा स्वतःच्या खिशात हात घातला, एकदा त्याचा आवाजही कापला. बाई घड्याळाकडे बघत होत्या. त्यांना अजून दोन नमुने उरकायचे होते आणि सातशे निबंध वाट बघत होते. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांना एवढं कळत होतं की माणूस बोलतोय. तो थांबला की पुढचा प्रश्न विचारायचा. तो थांबला.

"हे सगळं तुमच्या मनात आहे की कागदावर?"

"दोन्हीकडे."

"कागदावर बोट ठेवा."

एमिलने बोट ठेवलं. बाईंनी ते उचलून बाजूला केलं, अक्षरशः दोन बोटांत धरून, टाचणी उचलावी तसं. "इथे फक्त 'दगड' लिहिलंय. पुन्हा वाचा. मोठ्याने."

त्याने वाचलं. बाई म्हणाल्या, पुन्हा. त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी त्याचाच आवाज त्याला परका वाटू लागला. कोणताही शब्द तीनदा म्हटला की वाटतो, तसा. त्याने पाच केले. बाईंनी चौथ्यांदा वाचायला लावलं. चार झाले.

"प्रेमात पडलात का त्या पोराच्या?" बाईंनी विचारलं. "नाही, पडा. पण पायाभरणीच्या वर्गात जाऊन पडा. तिथे अशी खूप मिळतील. सगळ्यांच्या खिशात दगड, डोक्यात काही नाही."

तळघराच्या बायाही त्या वाक्यावर अस्वस्थ झाल्या. पण वरचे लोक खुर्च्यांत मागे रेलून मनसोक्त बघत होते. एरवी हे सगळं त्यांच्या वाट्याला यायचं.

चाळीस मिनिटांनी एमिलने दोन केले. कानाच्या पाळ्या लाल होत्या आणि डोळे ओले. तो म्हणाला, "हो, आता दिसतंय." आणि ते खरंच दिसत होतं त्याला, तेच तर वाईट होतं.

हॅलोवेल कॉफीच्या पिंपाजवळ उभे राहून लिंबाची वडी खात होते. विभागप्रमुख गुण देत नाहीत. त्यांनी फक्त बाईंचा आणि एमिलचा कागद मागून घेतला आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

उरलेला दिवस झकास गेला. एमिलला सूर सापडला. त्याने शंभराहून जास्त निबंध वाचले आणि त्याचा एकही आकडा बाईंच्या आकड्यापेक्षा वेगळा आला नाही. दुपारी तर तो बाईंच्या आधी शेरा सांगू लागला. "पुरावा नाही." "भरकटलंय." "आवडलं, म्हणून एक कमी." असा विद्यार्थी बाईंना आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी त्याला आपल्या डब्यातला हॉटडिश, म्हणजे बटाटे घालून भाजलेला खिमा, वाढला आणि म्हटलं, "तू वर फुकट जातोयस रे."

पावणेचारला गठ्ठे बांधून झाले. डार्लीनने वही उघडली. हॅलोवेल टेबलाच्या टोकाला उभे राहिले.

"एकच विषय. कवितेचा वर्ग. अर्जदार एकच, आपली आर्डिस. एकतीस वर्षांची सेवा. मला वाटतं, सगळ्यांच्या मनात तिच्याबद्दल काय आहे ते बोलायची गरज नाही." डार्लीनने पेन्सिल उचलली. "प्रश्न लेखनाच्या नमुन्याचा. तो तिच्या फायलीत होता."

"सगळ्यांना द्या ना वाचायला," बाई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मलाही आठवत नाही काय लिहिलं होतं ते. हसू नका म्हणजे झालं."

"वाचून झालाय," हॅलोवेल म्हणाले. "सगळ्यांचा. सकाळीच."

त्यांनी कोटाच्या आतून एक फाइल काढली. आतली पानं पिवळी पडली होती, टाइपरायटरवर टाइप केलेली, वर कोपऱ्यात बाईंचं लग्नाआधीचं नाव. हॅलोवेलना वाचायला चांगला आवाज होता. "'ती ओळ मला कळली नाही, म्हणून मी ती कुणाला सांगितली नाही.'" मग त्यांनी दुसऱ्या खिशातून सकाळचे दोन कागद काढले आणि शेजारी ठेवले. "'विधान नाही. पुरावा नाही. दोन.' अक्षर कुणाचं, सांगायला नको."



बाईंनी पिवळं पान हातात घेतलं. एवढ्या जवळून बघूनही त्यांना ते ओळखू येईना. मग वाचत भांड्यांच्या वाक्यापाशी आल्या आणि त्यांना ते न्हाणीघर आठवलं, दोन बिऱ्हाडांत एक, जिथे त्या बेसिनमध्ये भांडी घासायच्या. आणि साबणाने पांढऱ्या पडलेल्या बोटांची एक मुलगी, जिला काही कळत नव्हतं आणि जिला त्याचं काही वाटत नव्हतं. ओळ कोणती होती, ते मात्र आठवेना.

"तुम्ही..." त्या म्हणाल्या. "प्रेस्टन, तुम्ही हे मुद्दाम..."

"मी? मी फक्त नाव झाकलं. तुझाच कायदा आहे, आर्डिस. नाव नको, वय नको, अनाथ आहे का ते नको. चौदा जणांनी वाचलं. तू स्वतः वाचलंस. आता जिला तू स्वतः पायाभरणीत घातलंस, तिच्या हातात मी कवितेचा वर्ग देऊ?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "पण मी दुष्ट माणूस नाही. चारला बारा मिनिटं आहेत. चारपर्यंत गुण बदलता येतात आणि मतभेद राहिला तर जास्तीचे गुण धरायचे. हाही तुझाच कायदा. तू सोडून एकाने, फक्त एकाने जरी सहा दिले, तरी वर्ग तुझा."

सगळ्यांच्या माना एमिलकडे वळल्या.

बाई उठून त्याच्याकडे गेल्या. "एमिल, सकाळी तू सहा दिले होतेस."

"हो."

"मनापासून?"

"अगदी मनापासून, आर्डिस."

"मग परत दे."

"देतो," तो म्हणाला. "देतो ना, द्या इकडे." त्याने घाईने पान घेतलं आणि वाचलं. मग जरा सावकाश वाचलं. मग खिडकीशी गेला आणि उजेडात धरून वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मला द्यायचेत. देवाशपथ द्यायचेत."

"द्या की मग," हॅलोवेल म्हणाले. "कुणी अडवलंय?"

"पण ते दिसत नाहीत, आर्डिस. सकाळी दिसत होते. आता नुसता दगड दिसतो. आणि तो कशाला आहे, ते सांगितलेलं नाही."

"अरे, तू सांगत होतास ना! सकाळी तूच मला सांगत होतास, दगड कशाला ते!"

"सांगत होतो." एमिलने कपाळ पुसलं. "काय सांगत होतो मी?"

बाईंनी तोंड उघडलं. एमिल आशेने त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी आठवून पाहिलं. तो उभा होता, हातवारे करत होता, ओठ हलत होते, मागे घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ते घड्याळ त्यांना लख्ख आठवलं. शब्द एकही आठवेना.

"कुणी ऐकलं होतं का?" त्या टेबलांकडे वळून म्हणाल्या. "हा काय म्हणाला ते? कुणीतरी ऐकलं असेल ना!"

तळघराच्या बाया खाली बघू लागल्या. वरचे एकमेकांकडे बघू लागले. कुत्रेवाला म्हणाला की त्याने खिशात हात घातला होता, एवढं त्याला आठवतंय. डार्लीन म्हणाली, चर्चा वहीत घ्यायची नाही असं तिला सांगितलेलं आहे.

"मग खोटे दे," बाई एमिलच्या कानाशी म्हणाल्या. पण दालन इतकं शांत होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं. "दे रे. एक आकडा तर लिहायचा."

एमिलने पेन्सिल कागदावर टेकवली. आकडा गोल वळवायला सुरुवातही केली. मग थांबला. "आवडलं असतं तरच देता आले असते," तो अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाला. "आणि आवडलं असतं, तर एक कमी करावा लागला असता ना?"

चार वाजले. डार्लीनने वहीत दोन लिहिले.

हॅलोवेलनी फाइल बंद केली. त्यांचा आवाज आता खरोखरच मऊ होता. जिंकल्यावर त्यांना औदार्य सुचायचं. "आर्डिस, खोली मात्र तुलाच देतो. तीनशे बारा, मंगळवार-गुरुवार, अकरा. खिडक्यांसकट. यंदा दोन मिळालेली पोरं इतकी झालीत की खाली मावायची नाहीत. त्यांना तिथे घे." मग ते एमिलकडे वळले. "आणि तू, वोज्नियाक, आजचं तुझं काम फार आवडलं मला. एक गट तूही घे. खाली. आर्डिसची जागा रिकामी होतेच आहे."

लोक उठले. खुर्च्या सरकल्या. लिंबाच्या वड्या दोन उरल्या होत्या, त्या कुत्रेवाल्याने रुमालात बांधून घेतल्या.

बाई सामान आणायला तळघराकडे निघाल्या. दुसऱ्या जिन्यावर मागून धावत्या पावलांचा आवाज आला. एमिल होता. वरच्या पायरीवर उभा राहून तो धापा टाकत होता.

"आर्डिस! आठवलं!"

बाई कठड्याला धरून वळल्या. "काय? काय म्हणाला होतास?"

"खिशाचं होतं काहीतरी," एमिल म्हणाला. "खिशाचं."

"खिशाचं काय?"

त्याने खिशात हात घातला. बराच वेळ तो तिथे चाचपडत राहिला. जिन्याच्या दारातून ऊन आत येत होतं, आणि बाई खालच्या पायरीवरून मान वर करून वाट बघत होत्या.

"तेवढंच," तो म्हणाला.